पोटातला गोळा, हातातली गोळी

माझ्याजवळ एक जाड वही आहे. तुळजापुरात आणि बालाघाटाच्या डोंगरातल्या आसपासच्या गावांत कानावर पडलेले शब्द आणि वाक्प्रचार मी गेली तीस वर्षे तिच्यात टिपत आलो आहे. भाषाशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. शिक्षण बारावीवर थांबले. य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ जुन्या बाजारात हाती लागला, तोच माझा गुरू. वहीत विषयवार पाने आहेत : पाऊस, कर्ज, सोयरीक, भूक, भीती. त्यांतले भीतीचे पान सगळ्यांत आधी भरले.

त्या पानावरचा काही भाग असा : काळजात धस्स होणे. छातीत धडकी भरणे. तोंडचे पाणी पळणे. घशाला कोरड पडणे. पोटात गोळा येणे. हातपाय गळणे. पाय लटपटणे. दरदरून घाम फुटणे. अंगावर काटा येणे. डोळ्यांपुढे अंधारी येणे. डोक्याला मुंग्या येणे. जीव खालीवर होणे. धोतराशी संबंधित आणखी दोन-तीन आहेत, ते दिवाळी अंकात न छापलेले बरे.

कितीतरी वर्षे मला हे सगळे भाषेचे अलंकार वाटत होते. माणूस घाबरतो, मग बोलीला शोभा यावी म्हणून पोटात गोळा आणतो, असे मी समजत होतो. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी हे पान ओळीने माझ्या अंगावर उतरले आणि माझा समज चुकीचा होता हे कळले. त्यानंतर औषधांच्या बाबतीत मी ज्या चुका केल्या, आणि माझ्या घरात माझ्याआधी ज्या झाल्या, त्यांमुळे हा विषय माझ्या अभ्यासाचा झाला. मी डॉक्टर नाही, तेव्हा पुढचा मजकूर कोणीही औषधाची चिठ्ठी म्हणून वाचू नये.

घाटातली एस.टी.

सोलापूरहून तुळजापूरला येणारी संध्याकाळची गाडी होती. मुलीच्या लग्नाचे कर्ज डोक्यावर होते आणि दुकानाचे भाडे थकले होते, पण त्या क्षणी मी यातले कशाचाही विचार करत नव्हतो. घाट लागला आणि छातीत एकदम धडधड सुरू झाली. तोंड कोरडे पडले. बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या आल्या, हाताची बोटे आपोआप आखडू लागली. शेजारच्या बाईंनी विचारले, “काका, बरं वाटंना का?” मला उत्तर देता आले नाही. आपण आता मरणार, याची मला खात्री पटली होती.

गाडी गावात शिरेपर्यंत अर्धे अधिक ओसरले होते. दुसऱ्या दिवशी तपासण्या झाल्या. ईसीजी, टूडी इको, थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन, सगळे ठीक. डॉक्टर हसून म्हणाले, “अहो, तुम्हाला काहीही झालेलं नाही.” मी घरी आलो आणि आठव्या दिवशी तेच पुन्हा झाले.

‘काहीही झालेलं नाही’ हे वाक्य दिलासा म्हणून बोलले जाते. ऐकणाऱ्याला मात्र त्याचे दोनच अर्थ लागतात : एक तर डॉक्टरांना सापडले नाही, नाहीतर मी नाटक करतो आहे. खरा अर्थ तिसराच असतो. हृदय निरोगी आहे आणि धडधडही खरी आहे.

शरीराची घंटा

अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठातले शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली भूक, वेदना, भीती आणि राग यांमुळे शरीरात होणाऱ्या बदलांवर ग्रंथ लिहिला. संकट दिसले की शरीर लढण्याची किंवा पळण्याची तयारी करते, ही आज सर्वांना ठाऊक असलेली कल्पना त्यांची. ती डोळ्यांपुढे ठेवून माझ्या वहीतले पान वाचले तर प्रत्येक वाक्प्रचाराला शरीरातली एकेक घडामोड जोडता येते.

मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. मेंदूने धोक्याची घंटा दिली की त्या रक्तात अॅड्रिनलिन सोडतात आणि काही सेकंदांत हृदय जोराने, जलद चालू लागते : छातीत धडकी. लाळ कमी आणि घट्ट होते : तोंडचे पाणी पळाले. पचनाचे काम थांबवून रक्त मोठ्या स्नायूंकडे वळवले जाते आणि आतड्यांची चाल बिघडते : पोटात गोळा. कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात : हातपाय गार. केसांच्या मुळाशी असलेले बारीक स्नायू आवळतात : अंगावर काटा. पळताना अंग तापू नये म्हणून आधीच घाम सुटतो. तयार झालेल्या स्नायूंना काम मिळाले नाही की ते थरथरतात : पाय लटपटले.

मुंग्यांचे कारण वेगळे आहे. घाबरलेला माणूस नकळत भराभर श्वास घेतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर टाकला जातो, रक्ताची आम्लता कमी होते आणि त्यातल्या कॅल्शियमचा वापरता येण्याजोगा भाग घटतो. मग ओठांना, बोटांना मुंग्या येतात, बोटे आखडतात. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. श्वास पुरत नाही असे वाटून माणूस आणखी जोराने श्वास घेतो आणि त्रास वाढतो. श्वास सोडण्याचा वेळ घेण्यापेक्षा लांबवा, असे सांगतात ते याचसाठी. हा झटका बहुधा दहा मिनिटांच्या आत शिगेला पोहोचतो आणि मग उतरतो, कारण अॅड्रिनलिन रक्तात फार काळ टिकत नाही. माझी एस.टी. गावात शिरेपर्यंत मी सावरलो, त्यात चमत्कार काही नव्हता.

आता प्रश्न उरतो : समोर वाघ नसताना घंटा का वाजते? आमच्या भागातल्या माणसाला हे समजावायला एक तारीख पुरे आहे. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते, आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारीची जमीन हादरली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. तुळजापुरात आमची भांडी फळीवरून पडली, त्यानंतर कित्येक रात्री आम्ही अंगणात झोपलो. आज इतक्या वर्षांनीही रात्री जड ट्रक गेला आणि खिडकीचे तावदान थरथरले की मी जागा होतो तो छाती धडधडतच. ‘हा ट्रक आहे’ हा विचार नंतर येतो. शरीर एकदा शिकले की विचारायला थांबत नाही. भूकंपानंतर पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेने भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेसाठी भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याच्या गरजांचा अभ्यास केला. त्याचे नेतृत्व डॉ. मोहन आगाशे यांनी केले. रंगभूमीवरचे नाना फडणवीस म्हणून त्यांना ओळखणाऱ्या वाचकांपैकी अनेकांना हे ठाऊक नसेल.

कर्ज, पावसाची उघडीप, घरातले आजारपण हे भूकंपासारखे एका रात्रीत संपत नाही. घंटा हलक्या आवाजात महिनोन् महिने वाजत राहते आणि एखाद्या संध्याकाळी, घाटातल्या वळणावर, काही कारण नसताना मोठ्याने वाजते.

तक्रार एका जागी, दुखणे दुसऱ्या जागी

तपासणीत काही न सापडणारी धडधड ही आजच्या धावपळीची देणगी नव्हे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात फिलाडेल्फियाचे डॉक्टर जेकब दा कोस्टा यांनी छातीत धडधड, कळ आणि धाप यांची तक्रार करणारे सैनिक तपासले. हृदयात बिघाड सापडेना. १८७१ साली त्यांनी याला ‘चिडखोर हृदय’ असे नाव दिले. पुढे ‘सैनिकाचे हृदय’ असेही नाव पडले.

आपल्याजवळचे उदाहरण गोव्यातले आहे. तिथल्या आरोग्य केंद्रांत अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार घेऊन येणाऱ्या बायका पुष्कळ. त्यांना जंतुसंसर्गाची औषधे दिली जात. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी या तक्रारीचा अभ्यास करून २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गाशी जेवढा होता, त्याहून कितीतरी घट्ट संबंध मनावरच्या ताणाशी आणि घरातल्या परिस्थितीशी होता. बाई खोटे बोलत नव्हती. घरातला जाच डॉक्टरांपुढे मांडता येत नाही, अशक्तपणा आणि अंगावरून जाणे मांडता येते. ऐकणाऱ्याने फक्त तेवढेच ऐकले आणि तेवढ्याचेच औषध दिले.

चिंता मोजण्यासाठी जगभर वापरली जाणारी सात प्रश्नांची एक यादी आहे, २००६ साली तयार झालेली. काळजी थांबवता येत नाही का, चिडचिड होते का, काहीतरी भयंकर घडेल असे वाटते का, असे प्रश्न तिच्यात आहेत. धडधड तिच्यात नाही, मुंग्या नाहीत, पोटातला गोळा नाही. आमच्याकडचा माणूस नेमक्या याच शब्दांत बोलतो. ‘मला चिंता वाटते’ असे म्हणणारा शेतकरी मला अजून भेटलेला नाही. ‘डोकं बधिर झालंय’, ‘जीव लागंना’ असे म्हणणारे रोज भेटतात.

इथे एक इशारा दिलाच पाहिजे. धडधड म्हणजे चिंताच, असे घरच्या घरी ठरवू नये. थायरॉइड वाढला, रक्त कमी झाले, साखर उतरली तरी धडधडते. दम्याचा पंप आणि सर्दीच्या काही गोळ्यांनीही धडधडते. छातीतली कळ चालताना वाढत असेल, डाव्या हातात किंवा जबड्यात जात असेल, शुद्ध हरपत असेल, तर आधी दवाखाना गाठावा. मधुमेही माणसांत आणि बायकांत हृदयविकार पुष्कळदा नुसती धाप, मळमळ किंवा थकवा अशा वेशात येतो. तपासणी एकदा नीट व्हावी. ती ठीक आली की दर महिन्याला नव्याने करत बसू नये, कारण प्रत्येक नव्या तपासणीने भीतीलाच खाऊ मिळतो.

गोळीचा इतिहास

तिसऱ्या झटक्यानंतर मला एक लहान गोळी मिळाली. “रात्री झोपताना अर्धी.” किती दिवस, हे डॉक्टरांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. अर्ध्या तासात अंग सैल झाले आणि कित्येक आठवड्यांनी मी पहाटेपर्यंत झोपलो. ती अल्प्राझोलाम होती.

या कुळातल्या औषधांना बेंझोडायझेपिन म्हणतात. लिओ स्टर्नबाख या रसायनतज्ज्ञाच्या संशोधनातून निघालेले पहिले औषध, क्लोरडायझेपॉक्साइड, १९६० साली बाजारात आले आणि १९६३ मध्ये डायझेपाम आले. मेंदूत गाबा नावाचे एक द्रव्य मज्जापेशींना शांत ठेवण्याचे काम करते. या गोळ्या त्याचा जोर वाढवतात. घंटा का वाजते याच्याशी त्यांना देणेघेणे नसते, त्या घंटेवर गोधडी टाकतात. अडचण अशी की काही आठवड्यांत मेंदू गोधडीला सरावतो आणि घंटेचा आवाज वाढवतो. म्हणून ही औषधे थोड्या दिवसांसाठी असतात.

दुसरे कूळ एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन वगैरेंचे. ही मेंदूतल्या सिरोटोनिनवर काम करतात. यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, आणि बरे वाटल्यावरही साधारण सहा महिने ते वर्षभर घ्यावी लागतात. बेंझोडायझेपिनसारखी चटक यांची लागत नाही. तिसरे, प्रोप्रॅनोलॉल : ते धडधड आणि थरथर थांबवते, पण दमेकऱ्याला देता येत नाही, आणि इन्सुलिन घेणाऱ्यात साखर उतरल्याची धडधडही ते झाकून टाकते.

आपल्याकडे गोंधळ असा होतो की दोन कुळे पुष्कळदा एकाच गोळीत बसवलेली असतात. एस्सिटॅलोप्रॅम आणि क्लोनाझेपाम यांची जोडगोळी सर्रास विकली जाते. एक महिनोन् महिने घ्यायचे, दुसरे लवकर थांबवायचे. गोळी एकच असेल तर हे व्हायचे कसे? रुग्णाला बहुधा माहीतही नसते की आपण दोन औषधे घेतो आहोत.

यादी एकच, तारखा तीन

चौदा महिने मी ती अर्धी गोळी घेत राहिलो. मग एका नातेवाइकाने सांगितले, “दाजी, ह्या गोळीची सवय लागते बरं.” मी घाबरलो आणि त्याच रात्री गोळी बंद केली. आपण फार शहाणपणा केला असे वाटले.

दुसऱ्या रात्रीपासून झोप गेली. तिसऱ्या दिवशी हात थरथरू लागले, घाम सुटू लागला. भांडे पडल्याचा आवाज डोक्यात घण घातल्यासारखा वाटे, उजेड टोचे. पाचव्या दिवशी मी पुन्हा गोळी घेतली आणि अर्ध्या तासात सगळे शांत झाले. यावरून मी निष्कर्ष काढला की आजार अजून तसाच आहे आणि ही गोळी आता जन्माची. अशा तऱ्हेने सुटू पाहणारा माणूस स्वतःच्या हाताने पुन्हा अडकतो. मी निदान जिवानिशी वाचलो. जास्त मात्रेची गोळी अशी एकदम थांबवली तर झटके, म्हणजे आकडी, येऊ शकते.

पुढे सोलापुरात एका मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी लक्षणे विचारलीच, पण त्याआधी कागदाच्या पाठीमागे चार तारखा मागितल्या : पहिला झटका कधी आला, गोळी कधी सुरू केली, कधी बंद केली, आणि हा नवा त्रास कधी सुरू झाला. या लेखात मला जे सांगायचे आहे ते त्या कागदात आले आहे.

चिंतेची लक्षणे पाहा : धडधड, घाम, थरथर, मळमळ, पोट बिघडणे, चक्कर, झोप उडणे, बेचैनी. सिरोटोनिनवर काम करणाऱ्या गोळीचे पहिल्या एक-दोन आठवड्यांतले दुष्परिणाम पाहा : मळमळ, पोट बिघडणे, घाम, थरथर, झोप उडणे, बेचैनी. आणि गोळी एकाएकी थांबवल्यावरचा त्रास पाहा : चक्कर, घाम, थरथर, मळमळ, झोप उडणे, बेचैनी. यादी जवळजवळ एकच आहे. म्हणून नुसत्या लक्षणांवरून माणूस फसतो. गोळी सुरू केल्यावर चौथ्या दिवशी मळमळते, तो म्हणतो ‘हे औषध मला मानवत नाही’ आणि सोडतो. आणखी दोन आठवडे थांबला असता तर गुण दिसू लागला असता. गोळी सोडल्यावर तिसऱ्या दिवशी चक्कर येते, तो म्हणतो ‘आजार उलटला’ आणि जन्मभर घेतो.

फरक तारखांत असतो. सुरुवातीचा त्रास पहिल्या दिवसांत येतो आणि बहुधा दोन आठवड्यांत मावळतो. सोडल्याचा त्रास बंद केल्यापासून काही दिवसांतच येतो, पूर्वी कधी नव्हती अशी लक्षणे घेऊन येतो, जसा माझ्या डोळ्यांना टोचणारा उजेड, आणि हळूहळू उतरतो. खरा आजार उलटतो तो सावकाश, आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, आणि आपल्या जुन्याच रूपात.

भीती स्वतःही दुष्परिणाम निर्माण करते. लंडनच्या इंपीरियल कॉलेजने स्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळ्या त्रास होतो म्हणून सोडलेल्या साठ जणांना कधी खऱ्या, कधी दिसायला तशाच पण औषध नसलेल्या गोळ्या दिल्या आणि कधी काहीच दिले नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात खऱ्या गोळीने जेवढा त्रास झाला, त्याच्या सुमारे नव्वद टक्के खोट्या गोळीनेही झाला. त्रास खरा होता, त्याचे कारण मात्र औषधात नव्हते. चिंतेने ग्रासलेला माणूस तर दिवसभर स्वतःच्या नाडीवर बोट ठेवून बसलेला असतो. त्याला गोळीचा दोष आधी दिसतो यात नवल ते काय?

तरीही सगळ्या तक्रारी भीतीच्या नसतात. सिरोटोनिनच्या गोळ्यांनी कामेच्छा कमी होते. हे रुग्ण लाजेने सांगत नाही आणि गुपचूप गोळी सोडतो. म्हाताऱ्या माणसांत रक्तातले सोडियम उतरू शकते. दुखण्याच्या काही गोळ्यांबरोबर घेतल्यास पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. तरुण मुलांत सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढतात का, यावर घरच्यांनी लक्ष ठेवायला हवे. आणि झोपेच्या गोळीवर दारू घेणे म्हणजे श्वासाशी खेळ आहे.

माझी गोळी उतरवायला सहा महिने लागले. अर्धीची पाव, पावाचा तुकडा, मग एक दिवसाआड, असे त्या डॉक्टरांनी हळूहळू खाली आणले. जोडीला दुसऱ्या कुळातली गोळी चालू होती, तिचे पहिले दहा दिवस वाईट गेले. आणि त्यांनी आणखी एक औषध दिले जे दुकानात मिळत नाही : आठवड्यातून दोनदा त्याच एस.टी.ने तोच घाट चढायचा, धडधड सुरू झाली तरी उतरायचे नाही. सातव्या फेरीला मला डुलकी लागली.

आईची पत्र्याची पेटी

आता जे घरात माझ्याआधी झाले ते.

माझी आई चाळीस वर्षे पोटातल्या गोळ्याची तक्रार करत होती. “पोटात नुसता गोळा फिरतोय बघ, लेकरा.” रात्र रात्र बसून राही. तुळजाभवानी वर्षातून तीनदा पलंगावर निजते : नवरात्राआधी घोरनिद्रा, दसऱ्यानंतर कोजागरीपर्यंत श्रमनिद्रा, पौषात मोहनिद्रा. त्या दिवसांत आई म्हणायची, “देवीला बी झोप लागती, मलाच तेवढी न्हाई.” आम्ही हसायचो. कोणी म्हणे बाहेरचे आहे, कोणी म्हणे वाताचे. एका दवाखान्यातून पोटाची गोळी सुरू झाली, ती लागू पडली, आणि मग चिठ्ठीशिवायच वर्षानुवर्षे येत राहिली. दुकानदार ओळखीचा. मी जाताच म्हणे, “आजींची रोजचीच ना?”

सत्तरी ओलांडल्यावर एका रात्री ती न्हाणीकडे जाताना पडली आणि खुब्याचे हाड मोडले. फरशी ओली होती असे आम्ही ठरवले. त्या अंथरुणातून ती उठली नाही.

तिच्या मागे पत्र्याची पेटी उघडली तेव्हा रिकाम्या पाकिटांचा गठ्ठा निघाला. तो मी वाक्प्रचारांच्या वहीशेजारी तसाच ठेवून दिला होता. माझे स्वतःचे प्रकरण झाल्यावर पाकिटांच्या मागची बारीक अक्षरे भिंग घेऊन वाचली. पोटाच्या त्या गोळीत दोन औषधे होती. एक आतड्यांचा पेटका सैल करणारे क्लिडिनियम. दुसरे क्लोरडायझेपॉक्साइड, १९६० सालचे तेच.

म्हणजे तिचा पोटातला गोळा भीतीचा आहे, हे गोळी बनवणाऱ्यांनी गृहीत धरले होते. फक्त तिला कोणी सांगितले नव्हते. या कुळातल्या औषधांनी म्हाताऱ्या माणसांचा तोल जातो, ती पडतात आणि हाडे मोडतात, हे वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे. फरशी ओली होती हेही खरे. पण तिला कशाची भीती वाटते, हे चाळीस वर्षांत आमच्यापैकी एकानेही विचारले नाही, हे त्याहून खरे.

हाताशी काय आहे

१ मार्च २०१४ पासून अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड, झोल्पिडेम यांसारखी औषधे ‘अनुसूची एच-१’ मध्ये आहेत. ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, आणि डॉक्टरांचे नाव, रुग्णाचे नाव व किती गोळ्या दिल्या याची नोंद दुकानदाराने वेगळ्या वहीत करून ती तीन वर्षे जपायची असते. पाकिटावर लाल चौकटीत इशारा असतो. पण आपण चार गोळ्या मागतो आणि दुकानदार कात्रीने पाकीट कापतो, तेव्हा नाव आणि इशारा बहुधा उरलेल्या तुकड्यावर राहतात. नाव असलेला तुकडा मागून घ्यावा.

डॉक्टरांना पाच प्रश्न विचारण्यात अनादर नाही : हे कोणत्या कुळातले औषध आहे? गोळीत एकच औषध आहे की दोन? गुण कधी दिसेल? पहिल्या आठवड्यात काय त्रास होईल? आणि ते कसे व कधी थांबवायचे? शेवटचा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा.

जवळ मनोविकारतज्ज्ञ नाही, ही आमच्या भागातली खरी अडचण. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मनोविकारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना असल्याचे दिसले. त्या सर्वेक्षणातल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण आपले चित्र फार वेगळे असेल असे मानायला जागा नाही. तरी काही दारे उघडली आहेत. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर शासनाने २०१५ मध्ये मराठवाडा-विदर्भातल्या चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. त्यात आपला जिल्हा आहे. गावातल्या आशाताई घरोघर विचारपूस करतात आणि गरज असेल त्याला पुढे पाठवतात. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही मोफत दूरध्वनी सेवा चोवीस तास चालू आहे, तिथे मराठीत बोलता येते. गोव्यातल्या ‘मानस’ म्हणजे ‘मनशांती सुधार शोध’ या प्रयोगाने २०१० मध्ये दाखवून दिले की डॉक्टर नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांच्या मदतीने सरकारी आरोग्य केंद्रांतले चिंता-नैराश्याचे रुग्ण अधिक संख्येने बरे होतात. म्हणजे ऐकून घेणे हाही उपचाराचा भाग आहे, आणि तो शिकता येतो.

हा अंक हाती पडेल तेव्हा घराघरांत दिवाळीची साफसफाई नुकतीच उरकलेली असेल. माळ्यावरची भांडी उतरवली, तसा आई-वडिलांच्या गोळ्यांचा डबाही एकदा उतरवा. एकही गोळी फेकू नका, कुठलीही एकदम बंद करू नका. पाकिटाच्या मागची नावे कागदावर लिहा, प्रत्येक नावापुढे ती कधीपासून चालू आहे ती तारीख टाका, आणि तो कागद डॉक्टरांकडे न्या. लिहिता लिहिता शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, पोटात गोळा कधीपासून येतो. उत्तर यायला वेळ लागेल. तेवढा वेळ बसून राहा.